एमएनडीच्या रुग्णाचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च कसा मोजायचा

मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी, झालेल्या माणसाचं वजन उतरायला लागलं की न्यूरॉलॉजिस्टांची चिठ्ठी आहारतज्ज्ञाकडे येते. आजार दुर्मीळ, त्यामुळे सोलापूरसारख्या गावात अशा चिठ्ठ्या फार येत नाहीत आणि नव्याने कामाला लागलेली मुलंमुली पहिल्याच रुग्णापाशी अडखळतात. मधुमेहाचा आहार पाठ असतो, किडनीचा पाठ असतो. इथे मात्र दिवसाला किती कॅलरी लागतात हेच आधी ठरत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. घरच्यांनी वाचला तरी चालेल, निदान मोजणीच्या आदल्या दिवसाचा भाग तरी वाचाच.

या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हातपाय बारीक होतात, जीभ जड होते, गिळताना ठसका लागतो, पुढे श्वासाचे स्नायूही थकतात. स्नायू कमी झाले की शरीराचा पडून असतानाचा खर्चही कमी व्हावा, हे साधं गणित. पण बऱ्याच रुग्णांत तो उलट वाढलेला सापडतो. ब्रिस्बेनमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात सुमारे ४० टक्के रुग्णांचा खर्च अपेक्षेपेक्षा बराच जास्त निघाला. श्वासासाठी पडणारे जादा कष्ट, स्नायूंचं सतत फडफडणं, पेशींच्या आतल्या ऊर्जेच्या कारभारातला बिघाड अशी कारणं मांडली जातात, एकावरच बोट ठेवता येत नाही. वजन जितकं झपाट्यानं उतरतं तितका आजार पुढे वेगानं सरकतो, हे मात्र वारंवार दिसलेलं आहे. म्हणून मोजायचं.

फॉर्म्युला का पुरत नाही

हॅरिस-बेनेडिक्टचं समीकरण १९१९ चं, मिफ्लिन-सेंट जिओरचं १९९० चं. दोन्ही निरोगी माणसं मोजून बनवलेली. ती वजन, उंची, वय आणि लिंग विचारतात. त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती हे विचारत नाहीत. निरोगी माणसात याने फारसं बिघडत नाही. एमएनडीत नेमकं तेच बदललेलं असतं.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. समजा, यंत्रमागावर काम केलेले ५८ वर्षांचे गृहस्थ आहेत, उंची १६५ सेंमी, वजन ५४ किलो. हॅरिस-बेनेडिक्टप्रमाणे त्यांचा विश्रांतीतला खर्च १२४३ कॅलरी येतो, मिफ्लिनप्रमाणे १२८६. (कॅलरी म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातली किलोकॅलरी.) हे दोन्ही अंदाज आहेत. जिममध्ये किंवा औषधाच्या दुकानात उभं राहून वजन करायच्या मशीनवर 'बीएमआर' म्हणून जो आकडा उमटतो तोही अंदाजच. आत असलंच एखादं समीकरण बसवलेलं असतं. रुग्णाचे नातेवाईक तो कागद घेऊन येतात आणि "मोजलंय की, मॅडम" म्हणतात. कागद ठेवून घ्या, पण मोजणी म्हणून धरू नका.

खरी मोजणी म्हणजे इनडायरेक्ट कॅलरीमेट्री: माणूस किती ऑक्सिजन घेतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो ते मोजून त्यावरून खर्च काढायचा. मशीनला मेटाबॉलिक कार्ट म्हणतात.

पहिली पायरी: फोन

बहुतेक मोजण्या बिघडतात त्या मशीनमुळे नाहीत, आदल्या बारा तासांमुळे. म्हणून फोन घाईत करू नका आणि जो रुग्णाला जेवू घालतो त्याच्याशीच बोला.

मोजणीआधी किमान सात तास पोटात काही नको, पाण्याखेरीज. पण वजन उतरत असलेल्या माणसाला रात्री आठपासून सकाळी दहापर्यंत उपाशी ठेवणं हा अन्यायच. मी रात्री दहाला दूध किंवा खीर देऊन झोपवायला सांगते आणि सकाळी सातची वेळ देते. मोजणी झाल्या झाल्या खायला घालायला नाश्ता डब्यात बरोबर आणायचा. नळीने आहार चालू असेल तर वेगळं बघावं लागतं: ठरावीक वेळी भरून देत असतील तर तेवढे तास थांबवा, पंपाने अखंड चालू असेल तर चालू ठेवा आणि तशी नोंद करा.

चहा-कॉफी किमान चार तास आधी बंद. हे सांगितलंत तरी पहाटे उठून "अर्धा कपच दिला" होतंच, म्हणून आल्यावर पुन्हा विचारा.

आता तंबाखू. निकोटिनने खर्च वाढतो. किमान अडीच तास तरी नको. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की बाया हमखास "नाही" म्हणतात, आणि ते खोटं नसतं. "सकाळी दात कशानं घासता, अक्का?" असं विचारा, मग मिश्री निघते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे, पण आपल्याकडे ती दात घासायच्या खात्यात जाते, व्यसनाच्या नाही. हात चालत नसले तर सून किंवा लेक बोटाने लावून देते, म्हणजे आजारातही ती सुटलेली नसते. "एक दिवस मिश्री मोजणी झाल्यावर लावा" एवढंच सांगायचं. मिश्री सोडण्याचं व्याख्यान त्या फोनवर देऊ नका, नाहीतर मोजणीच्या दिवशी खरं सांगणार नाहीत.

आदल्या संध्याकाळपासून फिजिओथेरपीचे व्यायाम नकोत. ताप, सर्दी, छातीत कफ असेल तर तारीख पुढे ढकला, कारण तापाचा खर्च आजाराच्या खात्यात लिहिला जाईल. रिलुझोल (एमएनडीसाठी देतात ते औषध) चालू असेल तर ते नेहमीच्या वेळी घेऊ द्या, ते तसंही उपाशीपोटी घ्यायचं औषध आहे. थायरॉइडच्या आणि दम्याच्या औषधांची वेळ लिहून घ्या.

शेवटचे दोन प्रश्न श्वासाचे. रात्री किती उशा लागतात? बायपॅप (मास्कमधून श्वासाला जोर देणारी मशीन) लावता का, आणि ती काढून किती वेळ राहवतं? दोन-तीन उशांशिवाय झोप येत नसेल तर श्वासपटल थकलंय असं समजा आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वेळ देऊ नका. बायपॅप लावून हूडखाली (मोजणीसाठी डोक्यावर ठेवतात त्या पारदर्शक टोपाखाली) मोजता येत नाही, नाकाला ऑक्सिजन लावूनही नाही.

दुसरी पायरी: वजन आणि उंची

उभं राहता येत नसेल तर 'अंदाजे ५५' लिहून मोकळं होऊ नका. सुताच्या गोदामात किंवा मार्केट यार्डात असतो तसा जमिनीलगतचा प्लॅटफॉर्म काटा असला की व्हीलचेअरसकट वजन करा आणि मग रिकाम्या खुर्चीचं वजा करा. खुर्चीवरची उशी, पट्टा, पाय ठेवायच्या फळ्या दोन्ही वेळा त्याच हव्यात. मुलाने वडिलांना उचलून काट्यावर उभं राहायचं, ही युक्ती घरोघर चालते. मान सावरता न येणाऱ्या माणसाला असं उचलू देऊ नका.

उंचीसाठी आजाराआधी कुठे नोंदलेली असेल तर ती वापरा. उंचीत पाच सेंटीमीटरची चूक झाली तर मिफ्लिनमध्ये ३१ कॅलरींचा फरक पडतो, फार नाही. वजनाचं मात्र जपा. पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया तेच आहे.

तिसरी पायरी: खोली आणि मशीन

मशीन अर्धा तास आधी सुरू करून तापू द्या. मग वायूंचं कॅलिब्रेशन, ओळखीच्या मिश्रणाच्या सिलिंडरवर, आणि हवेच्या प्रवाहाचं, तीन लिटरच्या सिरिंजने. मध्येच लाइट गेली तर परत पहिल्यापासून. अधूनमधून स्पिरिट जाळून मशीनची परीक्षा घेतात. इथिल अल्कोहोल जळताना सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन हे गुणोत्तर ०.६७ यायला हवं. ते आलं नाही तर त्या दिवशी रुग्ण घेऊ नका.

खोली २२ ते २५ अंशांची. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४२-४३ च्या घरात असताना एसी पार खाली आणायचा मोह होतो. तसं केलं की बारीक झालेला माणूस कुडकुडतो, स्नायूंची फडफड वाढते, पोटऱ्यांत गोळे येतात आणि आकडा फुगतो. एसी बेताचा ठेवा, अंगावर चादर द्या. चादरींच्या गावात राहतो, तेवढं जमायला हरकत नाही. सकाळी सातची वेळ या कारणानेही बरी.

चौथी पायरी: अर्धा तास काहीच करायचं नाही

नवखी मंडळी हीच पायरी गाळतात. रिक्षातून उतरणं, खुर्चीत बसणं, खुर्चीतून खाटेवर येणं, हे तुमच्यासाठी काही नाही. या रुग्णासाठी तो व्यायाम असतो. खाटेवर आल्यापासून तीस मिनिटं नुसतं पडू द्या. तोंडात साठलेली लाळ आधी सक्शनने किंवा रुमालाने काढा, लघवीचं विचारा, पाठीखालची चादरीची घडी सरळ करा. एकदा हूड लावला की यातलं काही करता येणार नाही.

सपाट झोपवायचा हट्ट धरू नका. पुस्तकात सपाट लिहिलेलं असतं, पण श्वासपटल कमजोर असलेल्या माणसाला सपाट पाडलं की तो श्वासासाठी झगडतो आणि तुम्ही तो झगडा मोजता. पाठ ३० ते ४५ अंश वर करा, किती केली ते लिहा, पुढच्या वेळी तेवढीच ठेवा.

याच अर्ध्या तासात खुणा ठरवून घ्या. हातात घंटी देऊन उपयोग नाही, बोटं दाबू शकत नाहीत. डोळे सहसा शेवटपर्यंत साथ देतात: एकदा मिचकावलं तर हो, दोनदा नाही, घट्ट मिटून धरले तर ताबडतोब हूड काढायचा. तुमच्यासमोर दोनदा करून घ्या. पूर्व भागातल्या घरांत तेलुगू आणि अक्कलकोटकडच्या घरांत कन्नड बोलतात. आजोबा-आज्जींना मराठी कळतं, पण घाबरल्यावर आपलीच भाषा लागते. 'हलू नका', 'झोपू नका', 'त्रास झाला तर डोळे मिटा' ही तीन वाक्यं दोन्ही भाषांत शिकून ठेवा. किंवा घरचं एक माणूस डोक्याशी बसवा, गप्पा न मारण्याच्या अटीवर.

पाचवी पायरी: हूड

ओठांत धरायची नळी इथे नको. चेहऱ्याचे स्नायू सैल पडलेले असतात, ओठ नीट मिटत नाहीत, कडेने हवा निसटते. हातात मावणारी छोटी यंत्रं याच कारणाने बाद. शिवाय त्यांतली काही फक्त ऑक्सिजन मोजतात आणि बाकीचं गृहीत धरतात. डोक्यावरून येणारा पारदर्शक हूड वापरा. त्याची प्लास्टिकची झालर गळ्याभोवती आणि खांद्याखाली नीट खोवा. गळती झाली तर दोन्ही वायू सारखेच कमी मोजले जातात, त्यामुळे गुणोत्तर अगदी शहाण्यासारखं दिसतं आणि एकूण खर्च मात्र कमी येतो. ही चूक कागदावर पकडता येत नाही, हाताने चाचपूनच पकडावी लागते.

हवेचा पंप असा लावा की हूडमधल्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.५ ते १ टक्का राहील. बोटाला ऑक्सिमीटर लावलेलाच ठेवा. धाप, घाम, डोकं दुखणं, ऑक्सिजन उतरणं, यांपैकी काहीही दिसलं की हूड काढा, पाठ आणखी वर करा आणि डॉक्टरांना बोलवा. परस्पर ऑक्सिजन लावू नका; या आजारात नुसत्या ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी साठू शकतो.

सहावी पायरी: मोजणी

पहिली पाच मिनिटं टाकून द्यायची. त्यानंतर सलग पाच मिनिटं अशी हवीत की ज्यात दोन्ही वायूंचा चढउतार १० टक्क्यांच्या आत आहे. पंधरा-वीस मिनिटांत बहुतेकदा मिळतात. नाही मिळाली तर आणखी दहा मिनिटं थांबा, नंतर सोडून द्या आणि दुसरी तारीख घ्या.

या आजारात दोन गोष्टी हटकून आड येतात. रात्री नीट झोप नसल्याने रुग्ण हूडखाली डुलकी घेतो आणि झोपेत खर्च खाली जातो. हलक्या आवाजात नाव घेऊन जागं ठेवा. दुसरी, काही रुग्णांना आवरता न येणारं रडू किंवा हसू फुटतं. ते दुःखाचं किंवा आनंदाचं असेलच असं नाही, आजाराचाच भाग असतो. अशा वेळी घरच्यांना "अहो, रडवू नका त्यांना" म्हणून ओरडू नका. वेळ लिहा, ओसरू द्या, पुढची पाच मिनिटं सोडून मग धरा.

सातवी पायरी: गणित

मशीन स्वतःच करतं, पण एकदा तरी हाताने करून बघा. १९४९ चं वेअरचं समीकरण असं:

(३.९४१ × ऑक्सिजन + १.१०६ × कार्बन डायऑक्साइड) × १.४४

वायू मिनिटाला किती मिलिलिटर ते घालायचं, उत्तर दिवसाच्या कॅलरींत येतं. आपल्या गृहस्थांचा ऑक्सिजन २१५ आणि कार्बन डायऑक्साइड १७८ आला असं धरू. ८४७ अधिक १९७ म्हणजे १०४४, गुणिले १.४४, म्हणजे साधारण १५०४ कॅलरी.

गुणोत्तर १७८ भागिले २१५, म्हणजे ०.८३. नुसती चरबी जळत असेल तर ते ०.७ च्या आसपास असतं, नुसतं पिष्टमय अन्न असेल तर १. उपाशी माणसात ०.८३ ठीक. एकाच्या वर गेलं तर पहाटे काहीतरी खाल्लंय किंवा भीतीने भराभर श्वास घेतलाय. ०.६७ च्या खाली आलं तर मशीन तपासा.

समीकरणात ऑक्सिजनचं वजन जास्त आहे. कार्बन डायऑक्साइड १० टक्के चुकला तर उत्तर दोनच टक्क्यांनी हलतं; ऑक्सिजन तेवढा चुकला तर आठ टक्क्यांनी. ज्यांचा श्वास उथळ झालाय त्यांच्यात कार्बन डायऑक्साइडचा भरवसा कमी, तरी मोजणी अगदीच वाया जात नाही ती यामुळे.

आता १५०४ ला अंदाजाने भागा. हॅरिस-बेनेडिक्टच्या १२४३ शी तुलना केली तर १२१ टक्के, मिफ्लिनच्या १२८६ शी केली तर ११७. संशोधकांत कुणी ११० च्या वर गेलं की हायपरमेटाबॉलिक, म्हणजे खर्च वाढलेला, म्हणतात, कुणी १२० च्या वर. म्हणजे हाच माणूस एका कागदावर हायपरमेटाबॉलिक आणि दुसऱ्यावर नाही. म्हणून रिपोर्टात शिक्का मारू नका. मोजलेला आकडा लिहा, कोणत्या समीकरणाशी ताडला ते लिहा. त्यांच्या स्वयंपाकघराला १५०४ शी मतलब आहे, शिक्क्याशी नाही.

आठवी पायरी: आकडा ताटात आणणं

१५०४ म्हणजे दिवसभराचा आहार नव्हे. नुसतं पडून राहायला एवढं लागतं. बसणं, खाणं, कूस बदलणं वेगळं. खुर्ची-खाट एवढाच वावर असेल तर १.२ ने गुणा, साधारण १८०५. चालतफिरत असतील तर गुणक जास्त.

अंदाजावर विसंबून हॅरिस-बेनेडिक्टला १.२ ने गुणलं असतं तर १४९२ आले असते. रोजची तूट ३१३. महिन्याला नऊ हजारांच्या वर कॅलरी, म्हणजे किलोभराहून जास्त वजन, आणि घरचे म्हणत राहणार की "चार्टप्रमाणंच देतोय की".

ही तूट भरायला चार चमचे तूप (२० ग्रॅम, १८० कॅलरी) आणि २५ ग्रॅम शेंगदाण्याचा कूट (१४० कॅलरी) पुरतो. पण कसा द्यायचा ते गिळण्याची तपासणी झाल्यावरच ठरवा. शेंगाचटणी भुरभुरीत असते, कण श्वासनलिकेत जातात. कडक भाकरी तर नकोच. दुधात कुस्करलेली भाकरी मऊ म्हणून सगळे सुचवतात, मात्र पातळ दूध आणि त्यात घट्ट कण असं मिश्रण गिळायला सगळ्यात अवघड. ती मिक्सरमधून एकजीव करून, खिरीइतकी दाट करून द्या. कूट अगदी बारीक वाटून दह्यात किंवा दाट आमटीत मिसळा, तूप ज्वारीच्या पेजेत.

जेवायला पाऊण-एक तास लागू लागला की पोटातल्या नळीचा विषय न्यूरॉलॉजिस्टांकडे काढा. फुप्फुसांची क्षमता ५० टक्क्यांच्या खाली जाण्याआधी नळी बसवलेली बरी मानतात.

मोजणी दर तीन महिन्यांनी, आणि वजन अचानक घसरलं तर त्याआधीही. दर वेळी त्याच वेळेला, पाठीच्या त्याच कोनात.

मशीन मिळत नसेल तर

बहुतेकांच्या वाट्याला हेच येईल. मेटाबॉलिक कार्ट मोठ्या आयसीयूत किंवा संशोधन चालणाऱ्या संस्थांत असतं. ते आहे का, हूड आहे का आणि बाहेरचा रुग्ण घेतात का, हे तिन्ही फोनवर विचारून घ्या. तोवर दोन्ही समीकरणांतला मोठा आकडा धरा, १.२ ने गुणा, आणि दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर वजन करा. वजन उतरत राहिलं तर २०० ते ३०० कॅलरी वाढवा, पुन्हा पंधरा दिवस बघा. आजाराआधीच्या वजनापेक्षा ५ टक्के घट झाली की डॉक्टरांना कळवा.

पुण्याला जायचं ठरलंच, तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन तसंच हूडखाली झोपायचा बेत करू नका. आदल्या दिवशी जा, रात्री तिथे राहा, बायपॅप आणि तिची वायर बरोबर घ्या, दहाचं दूध तिथेच द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली वेळ मागून घ्या.